दिव्याची वात, उंदीर आणि सेनापती

मुलूखगिरी (धागाकर्ता)

चांगला सेनाधिकारी म्हटलं की डोळ्यांपुढे घोडा येतो, उपसलेली तलवार येते, फार तर नकाशावर वाकलेलं कपाळ येतं. माझ्या डोळ्यांपुढे हल्ली उंदीर येतो.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. रयतेला त्रास दिलात तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे, हा त्यातला भाग सगळेच सांगतात. पण पत्र नीट वाचलं तर त्यात दाणावैरण केवढी आहे बघा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. गवताच्या आसपास कोणी चूल मांडेल, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, वारा सुटेल आणि सगळंच जळून जाईल. रात्री दिवे तसेच ठेवून झोपाल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. १६७०च्या दशकात एका स्वतंत्र राज्याचा धनी हुकूम लिहितोय आणि त्यात उंदराला जागा आहे.

आता तिथून पावणेतीनशे वर्षं पुढे. १९४३, ब्रह्मदेशाची आघाडी, चौदाव्या सैन्याचा सेनापती विल्यम स्लिम. जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे १२० माणसं आजारी म्हणून मागे जात होती. मलेरिया, आमांश, जंगलातला टायफस. मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण शिपाई त्या घेत नव्हते. कातडी पिवळी पडायची, शिवाय पुरुषत्व जातं अशी आवई उठलेली. स्लिमने भाषण दिलं नाही. त्याने अचानक तपासण्या सुरू केल्या. अख्ख्या पलटणीतला प्रत्येक माणूस तपासायचा, आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांनी औषध घेतलेलं आढळलं तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला घरी बसवायचं. शिपायाला नाही, ऑफिसरला. त्याने लिहून ठेवलंय की फक्त तिघांना काढावं लागलं, तोवर बाकीच्यांना काय ते कळलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की सेनाधिकाऱ्याचं नेतृत्व निम्म्याहून जास्त अशा कंटाळवाण्या कामात असतं. शौर्य लागतंच, पण ते शेवटी लागतं. इतिहासातले दाखले द्या, विरोधातले असले तर आधी द्या.

ऐलतीर

छान विषय. सध्या फक्त वाचतेय, सविस्तर नंतर.

गनिमीकावा

धागा चांगला, पण साफ असहमत. तुम्ही सेनापतीचा कोठीवाला करून टाकलात राव. माणूस मरायला तयार होतो तो गोळ्या वाटणाऱ्यामागे नाही, पुढे धावणाऱ्यामागे.

प्रतापराव गुजर. बहलोलखानाला उमराणीला पाणी तोडून कोंडला, शरण आला म्हणून सोडून दिला, आणि तो उलटला. महाराजांचं खरमरीत पत्र आलं की त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरी. सरनौबत आणि सहा स्वार. बाकी काही सांगायला हवं का?

दुसरं, लडाखच्या वाटेवरची झोजी ला खिंड, १ नोव्हेंबर १९४८. साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे चढले तेव्हा डिव्हिजनचा कमांडर मेजर जनरल थिमय्या मागे तंबूत नव्हता, आघाडीच्या रणगाड्यात होता.

मुलूखगिरी

गनिमीकावा, थिमय्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! ते रणगाडे तिथे उगवले नव्हते. तोफांचे घुमट उतरवून, ताडपत्रीखाली झाकून, रात्रीच्या अंधारात हलवले. वाटेतले पूल मजबूत केले, सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनियरांनी, घाटात रस्ता काढला. एवढी उंची रणगाड्यांनी तोवर लढाईत पाहिलेली नव्हती, म्हणूनच समोरचे चक्रावले. जनरल पहिल्या रणगाड्यात बसला हे थोरच. पण आधीचे आठवडे जॅक, फळ्या आणि ताडपत्र्यांत गेले.

खडूफळा

प्रतापरावांवर बोलायला मराठी माणूस बिचकतो, तरी बोलतो. (इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, शिव्या खायची सवय आहे.)

सरनौबत म्हणजे अख्ख्या घोडदळाचा धनी. तो सैन्य मागे ठेवून सहा जणांनिशी हजारोंच्या फौजेवर गेला. धैर्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्या संध्याकाळी सैन्याला सेनापती नव्हता. पुढे ते हंबीरराव मोहित्यांना सावरावं लागलं. महाराजांना या मरणाचं केवढं दुःख झालं असेल ते त्यांनी प्रतापरावांच्या मुलीशी राजारामांचं लग्न लावलं यावरून दिसतं. मी ते राज्यकर्त्याचं दुःख म्हणून वाचतो, धाडसाची शाबासकी म्हणून नाही.

रोमनांकडे याच्याच जवळची गोष्ट आहे. इ.स.पू. ५२, गॉल प्रांतातलं (आजचं फ्रान्स) तटबंदीचं गाव गेर्गोविया. सीझरचे लोक माघारीचा इशारा होऊनही थेट तटाला भिडले. सातशेच्या आसपास मेले, त्यांत ४६ सेंच्युरियन. सेंच्युरियन म्हणजे साधारण ऐंशी माणसांचा नायक, म्हणजे मेलेल्यांत पंधराला एक नायक पडला. यापेक्षा 'पुढे धावणारा' अधिकारी कुठला? आणि दुसऱ्या दिवशी सीझरने सैन्य गोळा करून काय केलं? फैलावर घेतलं. तुमच्या हिमतीचं कौतुक आहे, पण कुठवर जायचं हे सेनापतीपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजू नका, अशा अर्थाचं बोलला.

गनिमीकावा

खडूफळा सर, वर्गात बसून असं म्हणणं सोपं आहे. धन्याचा शब्द काळजाला लागल्यावर माणूस हिशोब करत बसत नाही.

खडूफळा

माणूस नाही करत. सरनौबताने करायचा असतो.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पलटणवाला

मी चोवीस वर्षं गणवेशात काढली, म्हणून दोन शब्द. दोघंही बरोबर आहात आणि भांडण उगाच आहे. लेफ्टनंट म्हणून गेलो तेव्हा पहिला धडा सुभेदार साहेबांनी दिला. रूट मार्चनंतर म्हणाले, साहेब, आधी यांचे बूट उतरवायला सांगा. जवान 'ठीक आहे साहेब' म्हणेल, पाय खोटं बोलणार नाहीत. मी गुडघ्यावर बसून तीस जणांचे पाय बघितले. त्या दिवशी लाज वाटली, नंतर सवय झाली.

हे काही त्यांनी शोधलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात १९१४-१५च्या हिवाळ्यात ब्रिटिशांचे वीस हजारांच्या आसपास शिपाई नुसत्या पाय कुजण्याने आडवे झाले. मग हुकूम निघाला की देवमाशाचं तेल चोळा, कोरडे मोजे घाला, जोडीदाराने जोडीदाराचे पाय बघा, आणि प्लॅटूनच्या अधिकाऱ्याने रोज सगळ्यांचे. पलटणीत पाय कुजल्याच्या केसेस वाढल्या की वरून जाब विचारला जायचा. आता हेच पाय बघणारे कोवळे अधिकारी शिट्टी वाजली की खंदकातून सगळ्यांत आधी वर चढायचे. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यातले साधारण १२ टक्के शिपाई मेले आणि १७ टक्के अधिकारी.

रोज पाय बघणाऱ्याची शिट्टी ऐकून माणूस वर चढतो. अनोळखी माणसाच्या शिट्टीवर चढेल, पण पहिल्या दिवशीच.

ऐलतीर

पलटणवाला काका, नमस्कार तुम्हाला. शेवटची ओळ डोक्यातून जात नाहीये.

तिरकस

पॉपकॉर्न संपलं, म्हणून एक काडी. अलेक्झांडर. इ.स.पू. ३२५, गेड्रोशियाचं वाळवंट, सैन्य तहानेने मरतंय. कोणीतरी शिरस्त्राणात घोटभर पाणी आणून राजाला देतं. तो सगळ्यांदेखत ते वाळूत ओततो. जणू प्रत्येकाने एकेक घोट प्यायला असा सैन्याला हुरूप आला म्हणे. नेतृत्वाच्या प्रत्येक व्याख्यानात ही गोष्ट असतेच.

पण वाळवंटात नेलं कोणी?

मुलूखगिरी

तिरकस, धागा काढल्याचं सार्थक झालं. मी हेच चार परिच्छेदांत सांगत होतो.

खडूफळा

पाणी ओतणाऱ्यापेक्षा मला लाकडं फोडणारा आवडतो. झेनोफॉन. इ.स.पू. ४०१, इराणच्या गादीच्या भांडणात भाडोत्री म्हणून गेलेले दहा हजार ग्रीक. ज्याच्यासाठी गेले तो राजपुत्र कुनाक्साच्या लढाईत मेला, आणि यांचे सेनापती वाटाघाटीला बोलावून दग्याने मारले गेले. परक्या मुलखात बिनडोक्याचं सैन्य. त्यांनी मतं घेऊन नवे सेनापती निवडले, त्यांतला हा एक.

आर्मेनियात रात्री एवढा बर्फ पडला की झोपलेली माणसं त्याखाली गाडली गेली, आणि आत ऊब होती म्हणून कोणी उठेना. झेनोफॉन अंगावर पांघरूण नसताना उठला आणि लाकडं फोडायला लागला. दुसरा उठला, त्याने कुऱ्हाड हातातून घेतली. मग सगळे उठले, शेकोट्या पेटल्या.

आणखी एक प्रसंग. एक टेकडी शत्रूच्या आधी गाठायची होती. झेनोफॉन घोड्यावरून ओरडून हुरूप देत होता. सोटेरिडास नावाचा शिपाई म्हणाला, आपण सारखे कुठे आहोत? तू घोड्यावर, मी ही ढाल वाहून मरतोय. झेनोफॉनने घोड्यावरून उडी मारली, त्याला रांगेबाहेर ढकललं, ढाल घेतली आणि चालू लागला. अंगात स्वाराचं जड चिलखत, त्यामुळे त्याला धाप लागली. पुढच्यांना चला म्हणायचा, मागच्यांना पुढे व्हा म्हणायचा, स्वतः कसाबसा रांगेत राहायचा.

तिरकस

म्हणजे दिवसभर ढाल वाहिली की फोटोपुरती? 😄

ऐलतीर

आता माझा मोठा प्रतिसाद. उंदीर, पाय, गोळ्या हे सगळं पटलं. पण माझ्या मते अधिकारी कळतो तो बिघडल्यावर कागदावर काय लिहितो त्यावरून.

५ जून १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचा हुकूम देऊन झालाय, हवामान बेभरवशाचं. दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवरने हल्ला फसला तर द्यायचं निवेदन आधीच पेन्सिलीने खरडून ठेवलं. गडबडीत तारीखही चुकली, जूनऐवजी जुलै टाकला. आधी त्याने लिहिलं होतं ते साधारण असं की सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडलं आणि लिहिलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. शेवटी लिहिलं की सैनिकांनी सगळं केलं, दोष असेल तर तो एकट्या माझा. चिठ्ठी पाकिटात गेली आणि राहून गेली.

दुसरा कागद २८ ऑक्टोबर १९१७चा. कापोरेत्तोला इटलीची फळी फुटली होती. सरसेनापती कादोर्नाने अधिकृत पत्रक काढलं आणि दुसऱ्या सैन्यातल्या तुकड्या न लढता भ्याडपणे मागे हटल्या असं जगाला सांगितलं. आधीची अडीच वर्षं हाच माणूस इसोन्झो नदीवर तेच तेच हल्ले करवत होता. दोनशेवर सेनापती त्याने काढून टाकले होते आणि शिपायांना शिस्त लावायला गोळ्या घालायच्या शिक्षा सढळ हाताने वापरल्या होत्या. त्याच्यानंतर दियाझ आला. त्याने जेवण सुधारलं, रजा वाढवल्या, उगाचचे हल्ले थांबवले. वर्षभरात तेच 'भ्याड' सैन्य जिंकलं.

तिरकस

'मागे घेण्यात आलं आहे'!! आपल्याकडे कुठल्याही कचेरीत खोडरबर घेऊन हे शब्द पुसायला बसलं तर फायलीत फक्त सही उरेल.

गनिमीकावा

ऐलतीर ताई, प्रतिसाद आवडला. दियाझचं माहीत नव्हतं. खडूफळा सरांशी मात्र माझा वाद चालू आहे.

खडूफळा

चालू असू दे, मी कुठे जात नाही.

तोवर अधिकारी व्हायचे कसे याबद्दल. ब्रिटिश सैन्यात १८७१पर्यंत पायदळ-घोडदळातला हुद्दा पैसे मोजून विकत मिळायचा. लॉर्ड कार्डिगनने तसाच घेतलेला. १८५४ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या दरीत समोरच्या तोफांवर लाइट ब्रिगेड (हलकं घोडदळ) घेऊन तोच गेला, सगळ्यांच्या पुढे, पाठ न फिरवता. शूर होताच. पण मोहिमेत तो झोपायला बंदरातल्या स्वतःच्या बोटीवर जायचा. त्या हिवाळ्यात वर छावणीत घोडी उपासमारीने एकमेकांच्या शेपट्या चावत होती. बंदरात दाणा होता, चिखलातून वर पोचत नव्हता.

मुलूखगिरी

सर, अंगावर काटा आला. 'घोडी तुम्हीच मारली' हे तिथे कोणीतरी मोठ्याने वाचायला हवं होतं.

पलटणवाला

दाणावैरणीचं निघालंच आहे तर दुसऱ्या बाजूचंही बघा. मुलूखगिरींनी स्लिमचा किस्सा दिला, त्याच्या समोर कोण होता? जपानी सेनापती मुतागुची. १९४४ला इंफाळ-कोहिमावर तीन जपानी डिव्हिजन घेऊन निघाला. जवळ तीन आठवड्यांचा शिधा. पुढे शत्रूची कोठारं जिंकून खायची हा बेत. सोबत गुरांचे कळप हाकलले, चंगीझखानाची पद्धत म्हणून. गुरं चिंदविन नदीत आणि डोंगरात मेली. कोठारं हाती लागली नाहीत.

कोहिमाला त्याच्या ३१व्या डिव्हिजनचा कमांडर होता सातो. सुरुवातीला समोर लढणारे जेमतेम दीड हजार, तरी ते हटले नाहीत. महिना गेला, दोन गेले. शिधा नाही, दारूगोळा नाही, मागणीला उत्तर 'लढा'. शेवटी सातोने हुकमाविरुद्ध डिव्हिजन मागे घेतली. मुतागुचीने त्याला काढलं. बाकीच्या दोन डिव्हिजनचे कमांडरही त्याच मोहिमेत काढले. सातोने पोट फाडून घ्यायला नकार दिला आणि माझ्यावर कोर्ट मार्शल चालवा म्हणाला, तिथे मला बोलायचंय. त्यांनी चालवलं नाही, वेडा ठरवला. ८५ हजारांच्या त्या फौजेतले तीस हजारांवर मेले, फार मोठा भाग भुकेने आणि रोगाने.

अवज्ञेचं समर्थन मी कधी करणार नाही, सवयीने हात वर जातो. पण सातोचं नाव घेताना तो वर जात नाही.

ऐलतीर

अवज्ञेवरून १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय गाव. अमेरिकन लेफ्टनंट कॅलीची प्लॅटून गावकऱ्यांना मारत सुटली होती. वरून हेलिकॉप्टरमधून ह्यू थॉम्प्सन नावाच्या वॉरंट ऑफिसरने ते पाहिलं. त्याने हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधे उतरवलं आणि स्वतःच्या दोन साथीदारांना सांगितलं, यांनी लोकांवर गोळी चालवली तर तुम्ही यांच्यावर चालवा. हुद्दा लेफ्टनंटपेक्षा खालचा. सोल्जर्स मेडल मिळालं १९९८ला.

शंकासुर

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. सुंदर. आता नावाला जागतो.

झेनोफॉनने लाकडं फोडली हे कोणी लिहिलं? झेनोफॉनने. सीझरने सैन्याला झापलं हे कोणी लिहिलं? सीझरने. स्लिमने तिघांना काढलं हे? स्लिमने. निवृत्तीत लेखणी हातात आली की प्रत्येक सेनापती पाय बघणाराच असतो. ज्यांना लिहिता आलं नाही ते बिचारे उर्मट ठरले. तुमचा निकष नेतृत्वाचा आहे की गद्याचा?

मुलूखगिरी

शंकासुर, दोन दिवस उत्तर शोधत होतो. मुद्दा खरा आहे, पण सगळे कागद सारखे नसतात.

चिपळूणचं पत्र ही आठवण नाही, हुकूम आहे. पुढे कोणी वाचेल म्हणून उंदीर त्यात घातलेला नाही, गवत जळू नये म्हणून घातलाय. आयझेनहॉवरची चिठ्ठी छापायला लिहिलेली नव्हती, त्याच्या मदतनिसाने मागून घेतली म्हणून उरली. कादोर्नाचं पत्रक तर त्याने स्वतःच्या बचावासाठी काढलेलं आणि तेच त्याच्यावर उलटलं. स्लिमबद्दल म्हणाल तर त्याने आपल्या चुकाही त्याच पुस्तकात मांडल्यात. इंफाळच्या पुढच्या डिव्हिजन मागे घ्यायला उशीर केला, कोहिमावर एवढं मोठं सैन्य येईल हे ओळखलं नाही, दोन्ही माझ्या चुका, असं तो म्हणतो. जिंकलेल्या लढाईबद्दल. काही तुकड्यांना अर्धा शिधा मिळायला लागला की आपल्या मुख्यालयालाही अर्ध्यावर आणायचा, आणि मग शिधा पोचवायची तिथल्या लोकांना एकदम घाई सुटायची, हेही त्याने थट्टेनेच लिहिलंय.

झेनोफॉनपुरता मात्र तुमचा आक्षेप मान्य. तिथे दुसरा साक्षीदार नाही.

शंकासुर

चिठ्ठी आणि हुकूम मान्य. स्लिम अर्धा मान्य, अर्ध्या शिध्याइतका.

गनिमीकावा

सर, मी प्रतापरावांवर पुन्हा विचार केला. मत बदललेलं नाही. पण मागे राहिलेल्या सैन्याचा त्या संध्याकाळी कोणी विचार केला असेल, हे आधी डोक्यात आलं नव्हतं. एवढंच.

खडूफळा

एवढं पुष्कळ झालं.

तिरकस, तुमच्या फोटोचं उत्तर राहिलं होतं. काढून पाहिलं. झेनोफॉन ढाल घेऊन चालायला लागल्यावर बाकीच्या शिपायांनी सोटेरिडासला मारलं, दगड फेकले, शिव्या घातल्या आणि ढाल परत घेऊन चालायला लावलं. झेनोफॉन पुन्हा घोड्यावर बसला. घोडा जाईल तिथवर गेला, पुढे वाट घोड्याला झेपेना तेव्हा तो तिथेच सोडून पायी निघाला. टेकडी त्यांनी आधी गाठली.